दादाची पाच पोती

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास, माझ्या मावशीची आयुर्विम्याची पॉलिसी पुन्हा चालू झाली. त्याआधी पाच वर्षं तिचा एकही हप्ता भरला गेला नव्हता. पॉलिसी पुन्हा चालू करून घेण्याची मुदत त्याच रविवारी संपत होती आणि विमा कार्यालय शनिवारी-रविवारी बंद असतं.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती पुण्याच्या पश्चिमेला माले गावात राहते. तिचा नवरा तरुणपणीच गेला. जमीन तेव्हा सासऱ्याच्या नावावर होती, पुढे ती धाकट्या दिराच्या नावावर झाली. मावशीने हक्कसोडीच्या कागदावर सही केली. घराची मागची खोली तिला राहायला मिळाली आणि ओढ्याकाठचं भाताचं एक खाचर कसायला मिळालं. दोन्ही कागदावर तिची नाहीत. तिला एक मुलगी आहे, मुठ्याला दिलेली. नवरा गेल्यानंतरच्या वर्षी मावशीने पॉलिसी काढली आणि वारस म्हणून मुलीचं नाव लावलं. मावशीच्या नावावर असलेली आणि तिच्यामागे थेट मुलीच्या हातात पडणारी एवढी एकच गोष्ट होती.

पॉलिसी काढून देणारा एजंट तिचा चुलतभाऊ. माझा तो मामा. सख्खा भाऊ नसल्यामुळे मावशी भाऊबीजेला त्यालाच ओवाळायची. हप्त्याची तारीख ऑक्टोबरच्या अखेरची, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. मामा आधी स्वतःच्या खिशातून हप्ता भरायचा आणि भाऊबीजेला माल्यात येताना पावती घेऊन यायचा. मावशीने ओवाळलं की पावती तिच्या ताटात ठेवायचा. ती त्याची ओवाळणी. जाताना मावशी त्याला हप्त्याची रक्कम द्यायची आणि वर आंबेमोहोर भाताचं एक पोतं. पैशाचा हिशेब तिथे फिटायचा आणि पोतं हा बहिणीचा आहेर. हा क्रम बारा-तेरा वर्षं चालला. विमा कंपनीशी आपला थेट काही संबंध आहे असं मावशीला कधी वाटलं नाही. तिच्या दृष्टीने पॉलिसी ही भावाकडून येणारी गोष्ट होती.

मग एका भाऊबीजेला मामा आला नाही. पुढच्याही नाही.

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत बरीच वर्षं काम केलं. आता पुण्याजवळच्या कासार आंबोलीत भाड्याने राहते आणि वर्षाचा तांदूळ मावशीकडून घेते. गेल्या वर्षी नवरात्र संपल्यावर एका रविवारी त्यासाठी माल्यात गेले. मावशीच्या खोलीत भिंतीला लागून फळ्यांवर पाच पोती ओळीने उभी होती. तोंडं सुतळीने शिवलेली. त्यांना हात न लावता ती पलीकडच्या कणगीतून तांदूळ काढू लागली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"दादाची."

"मामाची? पाच?"

"वर्साला एक. आला न्हाई त्यो. ठिवलीत बाजूला. चैतात ऊन दावती, परत भरती."

"आणि पॉलिसी?"

"ती हाय की."

"हप्ता कोण भरतंय?"

"त्योच भरत असंल. पावती घेऊन आला म्हंजी कळंल."

"मावशी, पाच वर्षं झाली. तू एकदा फोन करून विचारायचंस तरी."

तिने मापटं खाली ठेवलं. "काय इचारू? माझी ओवाळणी कुटं हाय म्हणून? भावाकडं ओवाळणी मागत्यात व्हय ग? मागून घेतली तर ती ओवाळणी ऱ्हाती का?"

दुसऱ्या दिवशी मी पुण्यातल्या विमा कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी पॉलिसीचा क्रमांक टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. पाच वर्षांत काहीही भरलेलं नव्हतं. सूचना पाठवलेल्या होत्या, पण नोंदवलेला मोबाइल मामाचा होता आणि पत्ताही मामाच्या जुन्या घराचा. त्या म्हणाल्या की पॉलिसी साफ बुडालेली नाही. पूर्वी बरेच हप्ते भरलेले असल्यामुळे ती घटून चालू आहे. मृत्यूनंतर मिळायची ती रक्कम अर्ध्यावर आलेली आहे आणि आता तीत भर पडणार नाही. पहिला चुकलेला हप्ता ज्या तारखेचा, तिथून पाच वर्षांच्या आत सगळे हप्ते व्याजासह भरले आणि तब्येत ठीक असल्याचा दाखला मिळाला, तर ती पूर्ववत होते. मुदत उलटली की कायमची अर्धी.

"दोनच आठवडे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यात आमच्या डॉक्टरांची तपासणी, अहवाल, वरून मंजुरी. आणि दिवाळी तोंडावर. तुम्ही धावपळ करणार असाल तरच अर्ज देते."

मी अर्ज घेतला आणि संध्याकाळी माल्यात जाऊन मावशीला सगळं सांगितलं. ती अंगणात बसून विळ्याला धार लावत होती. कापणी तोंडावर आली होती.

"अर्धी म्हंजी?" ती म्हणाली. "मी काय अर्धीच मरनार हाय का?"

"पूर्ण करता येईल. पैसे भरायला लागतील."

"पैसं हायती."

"पाच वर्षांचे?"

ती उठली, खोलीत गेली आणि पहिल्या पोत्याची सुतळी उसवली. कोपरापर्यंत हात भातात घातला आणि फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी बाहेर काढली. तीत त्या वर्षीच्या हप्त्याची रक्कम होती. पाचही पोत्यांत तशी एकेक पुरचुंडी होती. दर सुगीला भात विकून आधी मामाचे पैसे बाजूला निघत होते आणि पोत्यात जात होते. पॉलिसी बंद पडली होती ती पैसे नव्हते म्हणून नाही.

"मग सही कर," मी अर्ज पुढे केला.

"न्हाई." तिने पोत्याचं तोंड पुन्हा धरलं. "मी जाऊन भरलं तर काय हुईल? भावानं टाकली असंच म्हनतील लोकं. त्यो जित्ता हाय अजून. त्याचं त्यो आनून दील."

"आणि नाही दिलं तर?"

"तर माझं नशीब."

"तुझं नाही," मी म्हणाले. "तुझ्या मुलीचं."

ती पोत्याचं तोंड पुन्हा शिवू लागली. सही केली नाही.

मामा हिंजवडीला मुलाच्या फ्लॅटवर राहतो असं कळलं होतं. मुलगा तिथल्या एका कंपनीत नोकरीला आहे. बुधवारी मी तिकडे गेले. मामा अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसला होता. आधी त्याने मावशीची चौकशी केली, मग भाताची, मग पुन्हा मावशीची. पॉलिसीचं नाव काढल्यावर त्याने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

त्याची एजन्सी गेली होती. वर्षाला ठरावीक नव्या पॉलिसी आणाव्या लागतात, त्या त्याला जमल्या नाहीत. त्याच सुमाराला त्याने जुना फोन बंद केला आणि गाव सोडलं. मावशीची पॉलिसी कार्यालयाने दुसऱ्या एजंटाकडे दिली असेल आणि तो हप्ता नेत असेल, असं तो धरून चालला होता.

"पण मामा, भाऊबीजेला तरी यायचंस."

"काय घेऊन येऊ?" तो म्हणाला. "तेरा वर्षं तिच्या ताटात पावती ठिवली मी. आता पावती फाडायचा अधिकार माझ्याकडं न्हाई. रिकाम्या हातानं बहिणीपुढं पाटावर बसू? ती काय म्हणंल? दादा जेवायला आला?"

"ती तुझी वाट बघतेय. पाच पोती ठेवलीत तुझ्यासाठी."

मामाने चष्मा लावला, परत काढला. "पाचही?" त्याने विचारलं.

गुरुवारी सकाळी मी हे मावशीच्या कानावर घातलं. ती खाचरात होती, कापणी सुरू झाली होती. मी बांधावर उभी राहून बोलत होते आणि ती वाकून कापत पुढे सरकत होती. रिकाम्या हाताचं ऐकलं तशी ती सरळ झाली.

"असं म्हनला?"

"असंच."

"पाच वर्सं मी हितं मागायचं न्हाई म्हणून गप. आन् त्यो तितं हातात काय न्हाई म्हणून गप." तिने विळा खांद्याला अडकवला. "दोगं बी येडी. आनी ती माझ्या पोरीची पावती बसलीय बोंबलत. आन हिकडं तो कागद."

तिने बांधावरच सही केली. बोटाला चिकटलेलं भाताचं कुसळ कागदावर राहिलं, ते तिनेच झटकलं.

"आनी त्याला कळीव," ती म्हणाली. "पावती माझी मी आनती. त्यानं भाऊबीजंला नुसतं डोकं घेऊन यावं. कुंकू लावायला तेवढंच लागतंय."

हप्त्यांची रक्कम होती, व्याजाची नव्हती. त्यासाठी एक पोतं विकायचं ठरलं. भात भरडून आणलं. कासार आंबोलीत माझ्या शेजारच्या खोल्यांत नोकरदार मंडळी राहतात, लातूरची, अकोल्याची. त्यांना जुना आंबेमोहोर हवाच होता. मावशी माझ्या खोलीत मापटं घेऊन बसली आणि तांदूळ दोन संध्याकाळींत संपला. एकाने विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी पण मिळेल ना?" मावशी म्हणाली, "ह्यो भावाचा हुता. पुढच्या वर्साचं भावाला इचारावं लागंल."

तपासणीची तारीख मिळायलाच वेळ गेला. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी शेवटच्या आठवड्यातला मंगळवार दिला. त्या सकाळी मावशीने कापलेलं भात झोडायला दिराच्या ताब्यात दिलं. घरातून निघताना त्याने ओट्यावरून विचारलं, "वैनी, मरायचं पैसं आनायला चाललाय व्हय?"

"ते मेल्यावर मिळत्यात, भावजी. आज नुसती जागा धरायला चाललीया."

"मग आमची बी धरा एक."

"तुमच्या नावावर लई जागा हाय," मावशी म्हणाली आणि चालू लागली.

दवाखान्यात रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. डॉक्टरांनी वजन केलं, डोळे पाहिले, काय आजार होऊन गेलेत ते विचारलं. शेवटी रक्तदाबाचा पट्टा बांधला. आकडा जास्त आला. डॉक्टरांनी तो लिहिला नाही. म्हणाले, "प्रवास करून आलात. पंधरा मिनिटं शांत बसा, मग परत बघू."

"मला शांत बसायची सवय न्हाई."

"मग डोळे मिटा आणि चांगलं काहीतरी आठवा."

मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. हा आकडा अहवालात गेला असता तर मंजुरीला आणखी तपासण्या लागल्या असत्या आणि त्याला दिवस उरले नव्हते. पंधरा मिनिटांनी पट्टा पुन्हा बांधला. आकडा हद्दीत होता. डॉक्टरांनी खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजलं. तोही हद्दीतच.

"काय आठवलंत?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"दीर एकलाच भात झोडतुया ते," मावशी म्हणाली.

अहवाल गुरुवारपर्यंत कार्यालयात पोचणार होता. पोचला नाही. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी तिथे गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी दवाखान्यात फोन लावला. अहवाल दुसऱ्या शाखेत गेला होता. तो माणूस पाठवून मागवला. आला तेव्हा साडेबारा वाजले होते. बाईंनी तो वरच्या मजल्यावर साहेबांकडे पाठवला. साहेब बैठकीत होते, बैठकीनंतर जेवायला गेले.

त्या दिवशी पश्चिमेला ढग आले होते. मावशीने खाचराच्या वरच्या अंगाचं भात आदल्या दिवशी कापून वाळत टाकलं होतं. अडीचच्या सुमाराला तिने दिराला फोन लावला. ती फोनचा आवाज मोठा ठेवते, त्यामुळे पलीकडचंही ऐकू येत होतं.

"वैनी, मुळशीकडनं काळं आलंय," दीर सांगत होता.

"मग झाका की भात."

"ताडपत्री कुटं हाय?"

"माझ्या खोलीत. दादाच्या पोत्यांवर."

"एकल्यानं कसं वढू?"

"पोरगी आलीय का मुठ्याहून?"

"आलीय आत्ताच."

"मग तिला धरू द्या दुसरं टोक. तिच्यासाठीच चाललंय समदं."

पलीकडून त्याने पोरीला हाक मारल्याचं ऐकू आलं. मग दीर म्हणाला, "बरं. तुमचं मरान झालं का मंजूर?"

"न्हाई अजून. सायेब जेवायला गेल्यात."

पैसे भरायची खिडकी चारला बंद होते. मावशीने ते पाटीवरून वाचलं होतं. तीन वाजता ती उठली आणि त्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिली. मंजुरी आलेली नव्हती. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजी, वरून कागद आल्याशिवाय मला घेता येत नाहीत. बसून घ्या."

"तुमी नका घेऊ. मी हितं हुबी हाय फकस्त."

"मागे लोक आहेत."

"त्यांना पुढं जाऊ द्या. माझी जागा गेली न्हाई पायजे एवढंच."

लोक तिच्या बाजूने पुढे सरकले आणि पैसे भरून गेले. ती खिडकीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. पाच पुरचुंड्या तिने एका पिशवीत आणल्या होत्या आणि व्याजाचे पैसे वेगळ्या रुमालात. एकदा मी तिला खुर्ची आणून दिली. तिने तीवर पिशवी ठेवली.

साडेतीन वाजून गेल्यावर वरून कागद आला. पहिल्या खिडकीतल्या बाई तो घेऊन स्वतः चालत आल्या. "मंजूर," त्या म्हणाल्या, "अट नाही, जादा आकार नाही. तपासणी स्वच्छ आहे." मावशीने पुरचुंड्या एकेक करून सोडल्या आणि खिडकीतून आत सरकवल्या. नोटांबरोबर भाताचे चार दाणे आत गेले. माणसाने ते बोटाने बाजूला केले आणि नोटा यंत्रात घातल्या. यंत्राने एकही नोट परत केली नाही.

छापलेली पावती बाहेर आली. तीवर पाचही वर्षांचे हप्ते एकाखाली एक होते आणि पॉलिसीची स्थिती चालू अशी नोंद होती. मृत्यूनंतरची पूर्ण रक्कम आणि वारसाचं नाव जसंच्या तसं होतं. मावशीने ते नाव बोटाने दाखवायला लावलं, मग स्वतः वाचलं.

"मोबाइल नंबर बदलायचाय ना?" बाईंनी विचारलं. "इथे तुमच्या भावाचा जुना आहे."

मावशीने स्वतःचा नंबर तोंडपाठ सांगितला. तांदळाच्या गिऱ्हाइकांना सांगून सांगून तो पाठ झाला होता. मिनिटाभरात तिच्या फोनवर विमा कार्यालयाचा संदेश आला. आलेला तो पहिला.

"आता दर वर्षी तुम्हालाच कळेल," बाई म्हणाल्या.

"कळू द्या," मावशी म्हणाली. "कळायला पायजेच हुतं."

खाली उतरल्यावर तिने घरी फोन लावला. पाऊस झाला नव्हता. ढग घाटाकडे वळले होते. "भावजी," ती म्हणाली, "जागा मिळाली. पूर्ण." दिराने काय म्हटलं ते या वेळी मला ऐकू आलं नाही. मावशी हसली आणि फोन ठेवून म्हणाली, "म्हनतोय, उसाचा रस प्या कुटंतरी. पैसं मी देतो." आम्ही रस प्यायलो. पैसे तिने दिले.

भाऊबीजेला मामा मुलाच्या गाडीतून माल्यात आला. येताना त्याने नारळ आणि एक लुगडं आणलं होतं. दारात उतरल्यावर तो म्हणाला, "बाय, पावती न्हाई बग आणली."

"माहीत हाय. ये पाटावर. पाच वर्सांची वात जळायचीय."

मावशीची मुलगी निरांजन घेऊन उभी होती. मावशीने मामाला ओवाळलं. त्याने लुगडं ताटात ठेवलं. मग मावशीने बटव्यातून शुक्रवारची पावती काढली, घड्या उलगडल्या आणि त्याच ताटात लुगड्यावर ठेवली. मामाने ती उचलून सगळी वाचली, खाली सही आहे का तेही पाहिलं आणि मुलीच्या हातात दिली.

"काय लिवलंय वाच," तो भाचीला म्हणाला. तिने वाचलं, मोठ्याने, स्वतःच्या नावापर्यंत.

जाताना मावशीने एक पोतं गाडीत चढवायला लावलं. मामा नको म्हणत होता. आता आपण एजंट नाही, हप्ता आपण भरला नाही, तर पोतं कशाचं, असं त्याचं म्हणणं होतं.

"ते पावतीचं कवाच नव्हतं," मावशी म्हणाली. "हप्त्याचं पैसं मी तुला येगळं देत हुते. पोतं भावाचं. गप घे, न्हाईतर राह्यलेली तीन बी घालीन गाडीत."

मुलाने डिकी उघडली.

त्या वर्षीचा हप्ता, म्हणजे थकलेल्या पाचांनंतरचा सहावा, त्याच ऑक्टोबरच्या अखेरीला देय झाला होता आणि भरायला महिन्याची सवलत होती. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मावशी एस.टी.ने पुण्याला गेली आणि त्याच खिडकीत तो एकटीने भरला. दुपारी तिच्या फोनवर हप्ता मिळाल्याचा संदेश आला. तिने तो मामाला पाठवला.